मिठाचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. पण घरात माणशी किती मीठ जातं, हे कळायचं कसं? (सातारा)

चमचे मोजू नका. बारीक मिठाचा सपाट चमचा पाच-सहा ग्रॅम भरतो. शिगोशीग घेतला की अंदाज कोलमडतो, आणि खड्याच्या मिठाचं वजन त्याच चमच्यात वेगळं येतं. त्यापेक्षा किलोची पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख घाला. संपली की 1000 ग्रॅमला आधी दिवसांनी भागा, मग माणसांनी. चौघांच्या घरात पुडी 30 दिवस पुरली, तर माणशी रोज 8.3 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते 5 ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे चौघांना महिन्याला 600 ग्रॅमच्या आत, आणि बाहेरचा वडापाव, फरसाणही त्यातच बसवायचं. लोणची-पापड घातले तो महिना हिशेबात धरू नका.

कपात कणीक आणि भातापासून सुरू करा. भाजी-आमटीबरोबर खाताना तिथलं मीठ गेलेलं फारसं कळत नाही. मग आमटी-भाजीतलं दर पंधरवड्याला थोडं उतरवा. एकदम निम्म्यावर आणलंत तर सगळे ताटात वरून मीठ घेतील आणि पुडी होती तेवढ्याच दिवसांत संपेल. लोणच्यातलं मीठ मात्र कमी करू नका. ते टिकण्यासाठी असतं; कमी पडलं की बुरशी धरते. वाढताना फोड लहान घ्या.

प्रश्न : सैंधव वापरलं तर चालेल ना? (नांदेड)

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाला फरक पडत नाही, आणि आयोडीन घातलेलं नसेल तर ते मात्र हुकतं.

प्रश्न : ‘लो सोडियम’ मीठ खरंच उपयोगी आहे का? (ठाणे)

आहे, पण सरसकट सगळ्यांना नाही. चीनमधल्या 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. पूर्वी पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे, रक्तदाब वाढलेले असे हे लोक. निम्म्या गावांना 75 टक्के सोडियम क्लोराइड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण दिलं. जवळपास पाच वर्षांत त्या गावांतलं पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी राहिलं.

मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. मूत्रपिंड अधू असेल तर जादा पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी रक्तदाबाची वा हृदयाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या.

पुडीवरचे टक्केही वाचा. काहींत सोडियम जेमतेम 15 टक्के कमी असतं. 75-25 चं मिश्रण घेतलं तरी वरच्या 8.3 ग्रॅमचं सोडियम 6.2 ग्रॅम साध्या मिठाइतकं होतं, म्हणजे मर्यादेच्या वरच. ‘हलकं मीठ’ म्हणून दोन चिमटी जास्त टाकली की उरलासुरला फायदाही गेला.

प्रश्न : परदेशासारखं सरकारनेच कंपन्यांना मीठ कमी करायला का लावू नये? (पुणे)

लावावंच. ब्रिटनने पावासकट तयार पदार्थांतलं मीठ टप्प्याटप्प्याने उतरवलं. तिथे 2003 ते 2011 या काळात माणशी रोजचं मीठ 9.5 वरून 8.1 ग्रॅमवर आलं. कंपन्यांनी उद्दिष्टं स्वखुशीने पाळायची होती. दक्षिण आफ्रिकेने 2013 मध्ये थेट नियम करून 2016 पासून मर्यादा सक्तीच्या केल्या. पण या देशांतल्या लोकांच्या पोटात बरंचसं मीठ कारखान्यातून जातं. आपल्याकडे मोठा वाटा अजून घरच्या स्वयंपाकाचाच आहे. त्यामुळे नुसती ब्रिटनची नक्कल इथे अपुरी पडेल. स्वस्त, रेशनवरही मिळेल असं कमी सोडियमचं मीठ, आणि पाकिटाच्या दर्शनी बाजूला ठळक इशारा, हे दोन्ही लागेल.

तोवर पाकिटामागचा सोडियमचा आकडा 2.5 ने गुणा. 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर ते 2 ग्रॅम मिठाइतकं झालं. पापडाच्या पाकिटावरच्या आकड्यात पापडखारातलं सोडियमही आलेलं असतं. दिवसाच्या मर्यादेत तेही धरा.