रोजचे दोन तास आणि २४ पानी पुस्तक

प्रश्न : मुलगी बालवाडीत असते तेवढेच दोन तास मला मिळतात. एका प्रकाशकांनी २४ पानी बालपुस्तकाच्या चित्रांसाठी विचारलंय. मुदत दोन महिने. हो म्हणू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जरूर म्हणा, पण पाच महिने मागून घ्या. २४ पानांत पहिलं आणि शेवटचं पान सुटं, मध्ये ११ जोडपानं. मुखपृष्ठ धरून १२ मोठी चित्रं झाली. एकेकाच्या रंगकामाला आठ तास, म्हणजे तुमचे चार दिवस. एकूण ४८ दिवस, आणि आठवड्याला पाचच दिवस हाताशी. रंगकामालाच दहा आठवडे गेले. त्याआधी कच्ची रेखाटनं आणि डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची नमुना-प्रत, शेवटी दुरुस्त्या, असे आणखी सहा. मुलीचं आजारपण आणि दिवाळीची सुट्टी अजून धरलेलीच नाही.

तुटक वेळेत काम करताना सगळ्यात जास्त घात होतो तो पात्रांचा. तीन आठवड्यांनी पुढचं पान काढायला बसलं की वेणी लांबते, फ्रॉकचा निळा बदलतो. म्हणून आधी प्रत्येक पात्र समोरून, बाजूने, पाठमोरं काढून ठेवा. शेजारी रंगाचा ठिपका द्या आणि तो कोणत्या दोन रंगांतून केला तेही लिहा. हा कागद टेबलासमोर लावूनच ठेवा.

जलरंगात आकाशासारखा मोठा भाग भरताना मध्येच उठलात, तर ओल्या-कोरड्याच्या सीमेवर कडक रेघ येते आणि ती जात नाही. असे भाग सकाळी बसल्या बसल्या उरका. रंगीत पेन्सिल आणि पेनाचं बारीक काम संध्याकाळी, मुलगी शेजारी खेळत असतानाही होतं.

डमीतच मजकुराची जागा सोडा, चेहरे शिलाईच्या रेषेवर घेऊ नका. कडेने तीन मिलिमीटर चित्र जास्त काढा, ते कटिंगमध्ये जातं.

करार मात्र लेखीच हवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन कुणी चित्र रंगवून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक रंगवून घेणाराच ठरतो. हक्क कोणाचे, किती वर्षांसाठी, अनुवादित आवृत्तीचे पैसे मिळणार का, दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती, हे सगळं त्यात यायला हवं. मानधनाचा पहिला हप्ता डमी मंजूर होताच मागा. तो हातात पडल्यावरच रंग काढा.