रॉकफेलर, कार्नेगी की फोर्ड: अमेरिकेतला सर्वांत मोठा भांडवलदार कोण?

माझं उत्तर, पोलादवाला कार्नेगी. तुम्ही लिहिलंय की तुमचे मित्र तेलवाल्या रॉकफेलरवर अडून बसलेत, कारण त्याच्याइतकी संपत्ती कोणाकडेच नव्हती. संपत्तीच मोजायची असेल तर त्यांचं बरोबर आहे. पण कारखानदार जोखायचा तर माल बनवायचा खर्च त्याने किती खाली आणला ते बघावं. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादी रूळ टनाला शंभर डॉलरच्या वर होते, शतक संपायच्या सुमारास वीसच्या आत. कार्नेगी रूळच बनवायचा. रॉकफेलरचं रॉकेलही स्वस्त झालं, नाही असं नाही. पण रॉकफेलरने रेल्वे कंपन्यांकडून गुपचूप सूट घेऊन बाकीच्यांचा गळा आवळला. त्याला मी मोठेपणा म्हणत नाही.

कार्नेगी लोखंडाच्या धंद्यात आला तो पेनसिल्व्हेनिया रेल्वेतून. तिथे खर्चाची बारीक नोंद व्हायची. पिट्सबर्गच्या कारखानदारांना मात्र वर्षाअखेरीस वह्या जुळवल्यावर कळायचं, नफा झाला की तोटा. कार्नेगीने टप्प्याटप्प्याचा खर्च वेगळा लिहायला लावला. भट्टीवर रसायनतज्ज्ञ नेमला, तेव्हा बाकीचे म्हणाले, असली चैन परवडत नाही. तपासणीत निघालं की नावाजलेल्या खाणींचं खनिज सुमार आणि बदनाम खाणींचं उत्तम. स्पर्धक फेकून देत ती लोखंडाची मळी तो विकत घेऊन भट्टीत घालायचा.

हे मला इतकं का लागतं, तर आमची कोल्हापूरजवळ शिरोलीला फौंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना आहे. आमच्याकडे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, किलोच्या भावाने जायचं. सगळ्या पार्टना साधारण एकच भाव. एका पंपवाल्या गिऱ्हाइकाचं टनेज, म्हणजे मालाचं वजन, सगळ्यांत जास्त, म्हणून थोरले काका त्याला देवासारखं मानायचे. मी पार्टगणिक कागद केला: रनर-रायझर (साच्यात धातू जायच्या वाटा आणि जादा धातूचे खांब) धरून साच्याच्या बॉक्समध्ये धातू किती ओतला आणि हातात कास्टिंग किती आलं, आतली पोकळी ठेवणाऱ्या कोरची वाळू आणि ती घट्ट करणारं रेझीन, फेटलिंगचे, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायचे तास, ब्लोहोलमुळे, म्हणजे आत हवेची भोकं राहिल्याने, रिजेक्शन. पातळ भिंतीची पंप केसिंग, म्हणजे पंपाचं कवच, किलोमागे तोट्यात निघाली. साधी काउंटरवेट (तोल साधायचं वजन), जी आम्ही किरकोळ समजायचो, ती सगळं घर चालवत होती. काका भट्टीची हीट चालू असताना, साचे करणाऱ्या मोल्डरांसमोर म्हणाले, "हिशेब करणारा कारकून होतो, मालक होत नाही." मी त्या गिऱ्हाइकाकडे केसिंगपुरता वेगळा भाव मागितला. त्याने दोन पार्ट काढून नेले. टनेज पडलं आणि महिन्याअखेरीस पहिल्यांदा बँकेत पैसे राहायला लागले. काका अजूनही लग्नकार्यात सांगतात की पोराने मोठी ऑर्डर घालवली.

काकांनाही रॉकफेलरच आवडतो. तो रॉकफेलर सोळाव्या वर्षी, १८५५ साली, क्लीव्हलँडमध्ये एका पेढीवर हिशेबनीसाचा मदतनीस म्हणून लागला, आणि नोकरी लागली ती २६ सप्टेंबर ही तारीख जन्मभर साजरी करत राहिला. कारकूनच होता तो! तुमच्या मित्रांना हे जरूर सांगा.

कार्नेगीची दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशी रुळांवर टनाला २८ डॉलर जकात होती, तिच्या आडोशाने तो वाढला. आणि १८९२चा, त्याच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातला संप: कार्नेगी स्कॉटलंडला आणि इथे त्याचा भागीदार फ्रिक याने पिंकर्टन या खासगी पहारेकरी कंपनीची तीनशे हत्यारी माणसं नदीतून आणली. गोळीबारात माणसं मेली, युनियन मोडली, मजुरी उतरली. त्याची दोन हजारांवर ग्रंथालयं हे धुऊन काढत नाहीत. खर्च कमी करताना माणसाची मजुरीही त्याच रकान्यात कापायची, हे मला मान्य नाही. आमच्या कागदात मजुरीला मी हात लावला नव्हता.

मोटारवाला फोर्ड तिसरा. १९१४ मध्ये त्याने कामगारांना पाच डॉलर रोज दिला, कारण कामगार टिकत नव्हते. ते शहाणपणाचंच होतं. पण हिशेबनिसांवर त्याचा राग होता, आणि १९४५ मध्ये नातवाच्या हाती कंपनी आली तेव्हा ती तोट्यात होती. खर्चाचा मेळ घालायला नातवाला लष्करात आकडेमोड केलेली तरुण माणसं बाहेरून आणावी लागली. वादात कोणी फोर्डचं नाव काढलं तर हे पुढे करा.