फोटोअकॉस्टिक इमेजमध्ये रक्तवाहिन्या धूसर आणि दुहेरी दिसतात, क्वालिटी कशी सुधारायची?

तुम्ही विचारलंय की बारीक वाहिन्या नॉइजमध्ये हरवतात, मोठी वाहिनी दोन रेषांसारखी दिसते, तर फिल्टर कोणता लावू की सरळ डीप लर्निंगच वापरू. माझं ऐका, दोन्ही थोडे दिवस बाजूला ठेवा आणि आधी रॉ डेटा (इमेज बनण्याआधीचे कच्चे सिग्नल) उघडून बघा. फोटोअकॉस्टिकमध्ये लेसरच्या पल्सने रक्त क्षणभर तापून आवाज सोडतं आणि तो प्रोब, म्हणजे त्वचेजवळचा ध्वनी-सेन्सर, ऐकतो.

मी स्वतः कित्येक आठवडे फिल्टर बदलत बसलो होतो आणि चूक निघाली ट्रिगरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या इशाऱ्यात. लेसरचा पल्स सुटणं आणि रेकॉर्डिंग सुरू होणं यात १ मायक्रोसेकंदाचा जरी फरक पडला तरी खोली दीड मिलिमीटरने चुकते, कारण इथे आवाज फक्त वाहिनीकडून प्रोबकडे येतो, अल्ट्रासाउंडसारखा जाऊन परत येत नाही (अल्ट्रासाउंडचा कोड तसाच उचलला असेल तर हे पहिलं तपासा). फोटोडायोडवरून (लेसरचा प्रकाश टिपणारा छोटा सेन्सर) ट्रिगर घ्या, त्याच सिग्नलने प्रत्येक पल्सच्या एनर्जीचा चढउतारही भागून काढता येतो.

मग ध्वनीचा वेग. बरेच जण शरीरातल्या ऊतींसाठी धरतात तो सरासरी १५४० मीटर प्रति सेकंद टाकून मोकळे होतात, पण प्रोब आणि त्वचेच्या मध्ये २० अंशाचं पाणी असेल तर तिथे तो साधारण १४८० असतो. पाण्यात एक काळा दोरा इमेजिंग प्लेनला (इमेजमध्ये दिसणाऱ्या कापाला) काटकोनात धरा, म्हणजे तो ठिपका दिसायला हवा, आणि वेग ५-५ ने बदलत जा. ठिपक्याच्या दोन्ही बाजूच्या शेपट्या आधी एकीकडे वळतात, मग सरळ होतात, मग उलट्या वळतात, तुमचा वेग त्या मधल्या जागी असतो. एकदा डोळ्याने बघाच, पाण्यापुरती शंका उरत नाही, त्वचेखालचा वेग मात्र वेगळा धरावा लागतो.

दुहेरी रेषांचं कारण बहुतेक वेळा प्रोबच असतो. १ मिमीची वाहिनी मुख्यतः दीड मेगाहर्ट्झच्या आसपास बोलते आणि ०.१ मिमीची १५ च्या आसपास, तुमचा प्रोब १५ चा असेल तर मोठ्या वाहिनीचा पोटातला भाग त्याला ऐकूच येत नाही, फक्त वरची आणि खालची कड येते. जे रेकॉर्डच झालं नाही ते फिल्टर कुठून आणणार? कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब घ्या. रिंग डिटेक्टर (चारही बाजूंनी ऐकणारं गोल सेन्सरचं कडं) असेल तर मात्र वेग चुकल्यानेही असंच दिसतं.

नॉइजसाठी अ‍ॅव्हरेजिंग चांगलं, १६ फ्रेमला ४ पट फायदा, पण १० हर्ट्झच्या लेसरला त्यात १.६ सेकंद जातात आणि तेवढ्यात श्वासाने सगळं हललेलं असतं, म्हणून आधी फ्रेम जुळवा, मग बेरीज करा.

डीप लर्निंग आणि फ्रँजी फिल्टर (नळीसारखे आकार उठावदार करणारा फिल्टर) दोन्ही शेवटी, कारण दोघंही नसलेली वाहिनी दाखवू शकतात आणि ती इतकी सुबक दिसते की विश्वास बसतो. मूळ इमेज नेहमी शेजारी ठेवा. प्रोबची सेंटर फ्रिक्वेन्सी आणि वाहिन्यांचा अंदाजे व्यास कळवलात तर दुहेरी रेषांबद्दल नक्की सांगता येईल.