डिश चालू, गाइड कोरं

प्रश्न : जुन्या संगणकात उपग्रह वाहिन्यांचं ट्यूनर कार्ड बसवलं. त्यावर टीव्हीहेडएंड हे वाहिन्या पकडणारं सॉफ्टवेअर चालतं आणि टीव्हीपुढे बसून आम्ही कोडी हे बघायचं सॉफ्टवेअर वापरतो. चित्र उत्तम येतं. गाइडमध्ये मात्र काही वाहिन्यांचे ‘आत्ता’ आणि ‘यानंतर’ एवढे दोनच कार्यक्रम दिसतात, बाकीच्यांपुढे कोरी पट्टी. त्याच डिशवरचा सेट-टॉप बॉक्स सात दिवसांचं वेळापत्रक दाखवतो. इंटरनेट जोडलेलं आहे, वेगही चांगला आहे. मग गाइड का उतरत नाही?

उत्तर : इंटरनेटचा इथे काही संबंध नाही, म्हणून आधी तो विषय बाजूला ठेवू. तुम्ही मुद्दाम दुसरी सोय केली नसेल, तर गाइड चित्राबरोबर डिशमधूनच येतं. डीव्हीबी या डिजिटल टीव्हीच्या पद्धतीत ईआयटी नावाचे कार्यक्रमांचे तक्ते असतात. ट्रान्सपाँडर म्हणजे अनेक वाहिन्या एकत्र वाहून आणणारा उपग्रहावरचा एक मार्ग. हे तक्ते अशा प्रत्येक ट्रान्सपाँडरवर १८ क्रमांकाच्या पीआयडीवरून (प्रवाहातल्या ओळख-क्रमांकावरून) अखंड फिरत असतात. देवळाभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसासारखं समजा. तुम्ही दारात थांबलात तर तो पुन्हा समोरून जाणारच, पण थांबावं लागतं.

यातले दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. ‘आत्ता-यानंतर’चा तक्ता उपग्रहावर दोन सेकंदांच्या आत परत येतो, म्हणून वाहिनी लावताक्षणी तो दिसतो. पुढच्या दिवसांचं वेळापत्रक हा दुसरा प्रकार. मानकात त्याला ६४ दिवसांपर्यंत जागा आहे, पण तो पाठवायलाच हवा असं बंधन नाही. काही वाहिन्या आठवड्याचं पाठवतात, काही एका दिवसाचं, काही काहीच नाही. तुमच्या दोन कार्यक्रमवाल्या वाहिन्या कदाचित या शेवटच्या गटातल्या असतील, किंवा तुमचा ट्यूनर तिथे पुरेसा थांबतच नसेल. यातलं खरं कोणतं, ते घरबसल्या कळतं. तशी एक वाहिनी लावा आणि दहा-पंधरा मिनिटं हलवू नका. मग गाइड उघडा. पट्टी भरली असेल तर प्रक्षेपकाचा दोष नाही, तुमच्या ट्यूनरला वेळ मिळत नाही. अजूनही दोनच कार्यक्रम असतील तर तिथून त्याहून जास्त येतच नाही.

कोऱ्या पट्ट्यांचं कारण बहुतेक ट्यूनरला वेळ न मिळणं हेच निघतं. एक ट्यूनर एका वेळी एकाच ट्रान्सपाँडरवर बसतो. तुम्ही संध्याकाळभर एकच वाहिनी बघता, तेव्हा तेवढ्याच ट्रान्सपाँडरवरच्या वाहिन्यांचं गाइड भरतं आणि बाकीच्या उपाशी राहतात. म्हणून टीव्हीहेडएंडमध्ये ओव्हर-द-एअर ग्रॅबर असतो. ट्यूनर रिकामा सापडला की तो एकेका ट्रान्सपाँडरवर जाऊन तक्ते गोळा करतो. त्याची वेळ ठरवून देता येते. प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त किती थांबायचं, तेही सांगता येतं.

इथे माझी फजिती सांगते. ग्रॅबरची वेळ मी पहाटे तीनची ठेवली होती, आणि वीज वाचवायला संगणकाच्या प्लगला टायमर लावला होता. तो रात्री साडेअकराला वीज तोडायचा. दोन्ही उद्योग माझेच! चार दिवस मी डिश हलवून बघितली, केबलची टोकं पुन्हा पिळली, कार्ड काढून परत बसवलं. पाचव्या दिवशी टायमरकडे लक्ष गेलं. संगणक रात्री झोपवत असाल तर ग्रॅबरला दिवसाची अशी वेळ द्या की जेव्हा घरात कोणी टीव्ही बघत नाही.

हिशेबही करून बघा. यादीत ४० ट्रान्सपाँडर आणि प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर ४०० मिनिटं, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास. तक्ते लवकर पुरे झाले तर ट्यूनर लवकर पुढे सरकतो, पण एका ट्यूनरवर भरवसा ठेवू नका. ज्या ट्रान्सपाँडरवर तुमच्या कामाची एकही वाहिनी नाही, तिथे ‘ईपीजी स्कॅन’ (गाइड गोळा करणं) बंद करा. माझ्या यादीतले निम्म्याहून जास्त असे निघाले.

दुसरा ट्यूनर घेणार असाल तर त्याला एलएनबीपासून (डिशपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीपासून) स्वतंत्र केबल द्या. पहिल्या ट्यूनरच्या लूपमधून, म्हणजे त्याच्यातून पुढे काढलेल्या केबलने दिलेला सिग्नल फसवा असतो. एलएनबीला १३ व्होल्ट मिळाले की उभं ध्रुवीकरण (लहरींची दिशा), १८ मिळाले की आडवं, आणि २२ किलोहर्ट्झचा टोन लागला की वरचा बँड (फ्रिक्वेन्सीचा वरचा भाग). हे हुकूम पहिला ट्यूनर देतो, म्हणून दुसऱ्याला त्याच ध्रुवीकरणातले आणि त्याच बँडमधले ट्रान्सपाँडर मिळतात. गाइडमध्ये ठरावीक वाहिन्याच सतत कोऱ्या राहत असतील तर आधी ही केबल बघा.

आता सेट-टॉप बॉक्सचं. पैसे भरून बघायच्या सेवांमध्ये सगळ्या वाहिन्यांचं गाइड बऱ्याचदा एकाच ठरलेल्या ट्रान्सपाँडरवर ठेवलेलं असतं. बॉक्सला तो पत्ता माहीत असतो, तुमच्या संगणकाला नसतो. काही सेवा तर ते ओपनटीव्हीसारख्या वेगळ्याच पद्धतीने दाबून पाठवतात, आणि साध्या ईआयटी वाचकाला त्यातलं काही समजत नाही. टीव्हीहेडएंडच्या ग्रॅबर मॉड्यूलच्या यादीत अशा काही सेवांसाठी वेगळी मॉड्यूल आहेत. तुमच्या सेवेचं मॉड्यूल दिसलं तर तेवढंच चालू करा. सगळ्यांवर खुणा करून ठेवायचा मोह होतो, मलाही झाला होता. त्यातून एकाच वाहिनीत दोन ठिकाणची माहिती शिरते आणि एकच कार्यक्रम दोनदा दिसतो.

डिशमधून काहीच मिळत नसेल तर एक्सएमएलटीव्ही या पद्धतीने वेळापत्रक लिहिलेली फाइल हा शेवटचा मार्ग. ती इंटरनेटवरून येते. तुमच्या प्रश्नातलं इंटरनेट कामाला येईल ते इथे. फाइलमधली वाहिनी आणि तुमच्या यादीतली वाहिनी यांची गाठ मात्र हाताने घालावी लागते. नावापुढे ‘एचडी’ लागलं की आपोआप जुळणी चुकलीच म्हणून समजा. ज्या वाहिन्यांना फाइल जोडाल, त्यांच्यापासून डिशवरचं गाइड तोडा.

हे सगळं झाल्यावरही कोडीत जुनंच दिसेल, कारण कोडी स्वतःची वेगळी प्रत जपून ठेवतं. पीव्हीआर आणि लाइव्ह टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गाइडचा डेटा एकदा पुसून टाका.

प्रश्न : गाइड पूर्ण भरतं, पण देवनागरी नावांच्या जागी अक्षरांचा खिचडा दिसतो. फॉन्ट बदलून पाहिला.

उत्तर : फॉन्टचा दोष नाही. डीव्हीबीच्या मजकुरात पहिला बाइट लिपीची संकेतपद्धत सांगतो. देवनागरीसह सगळ्या लिप्या लिहिता येणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीसाठी तिथे दशमान २१ हा आकडा यायला हवा. प्रक्षेपकाने तो टाकला नाही की वाचणारा मजकूर लॅटिन अक्षरांचा समजून वाचतो, आणि देवनागरीचे बाइट भलत्याच चिन्हांत उमटतात. टीव्हीहेडएंडमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘कॅरॅक्टर सेट’ आहे, तिथे यूटीएफ-८ निवडा. एकाच वाहिनीचा घोटाळा असेल तर फक्त त्या सर्व्हिसपुरतं (वाहिनीच्या नोंदीपुरतं) बदला, नाहीतर सरळ असलेल्या वाहिन्या बिघडतील. आधी साठलेली नावं आपोआप सुधारत नाहीत. ग्रॅबरची एक फेरी होऊ द्या.

प्रश्न : सगळे कार्यक्रम काही तास पुढे-मागे दिसतात, त्यामुळे भलतंच रेकॉर्ड होतं.

उत्तर : सगळ्या वाहिन्यांवर फरक सारखाच असेल तर संगणकाचा टाइमझोन बघा, आणि जुनं यंत्र असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीही. ईआयटीमध्ये वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असायला हवी. काही प्रक्षेपक तिथे स्थानिक वेळ घालतात. अशी एखाद-दुसरीच सेवा चुकत असेल तर तिच्या नेटवर्कला ईआयटीच्या वेळेचा फरक लावायची सोय टीव्हीहेडएंडमध्ये आहे. एक्सएमएलटीव्ही वापरत असाल तर फाइल उघडून एक नोंद वाचा. सुरुवातीच्या वेळेचे सलग १४ आकडे आणि त्यांच्यापुढे यूटीसीपासूनचा फरक असायला हवा. तो नसेल तर वेळ यूटीसी धरली जाते, आणि तुमचा घोटाळा बहुतेक तिथेच आहे.

प्रश्न : माळ्यावर विंडोज मीडिया सेंटरचा जुना संगणक आहे. त्याचं गाइड फार छान होतं. पुन्हा लावू का?

उत्तर : छान होतं खरं, मीही बरीच वर्षं तेच वापरलं. पण २०१५ च्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटर ठेवलं नाही, आणि त्याला इंटरनेटवरून मिळणारं गाइड २०२० मध्ये बंद झालं. ट्यूनर कार्ड काढून घ्या. टीव्हीहेडएंडसाठी लिनक्सवर ते चालतं का ते तपासा, बाकीचा संगणक माळ्यावरच राहू द्या.