आकडा किती सांगायचा?

“मुलगा यंदा हायस्कूल संपवतो आहे. बेसबॉल संघांचे स्काउट त्याला पाहून जातात आणि जाता जाता एकच विचारतात, हा कितीला सही करील? आम्ही आकडा किती सांगावा? कमी सांगितला तर मुलाचे नुकसान, जास्त सांगितला तर त्याला कोणी घेणारच नाही.” न्यू जर्सीत समुपदेशन करताना हा प्रश्न पहिल्यांदा माझ्यापुढे आला, तेव्हा तो माझ्या कामाचा आहे असे मला वाटलेच नव्हते. करार, कर, बोनस ही खेळाडूच्या वतीने संघांशी बोलणाऱ्या सल्लागाराची आणि वकिलाची कामे. पुढे अशी आणखी दोन-तीन कुटुंबे आली आणि दर वेळी आकड्याच्या आड घरात काहीतरी न बोललेले राहून गेल्याचे आढळले. म्हणून त्यांपैकी एका घराची हकीकत, त्यांची संमती घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगते.

मुलगा अठरा वर्षांचा, उजव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर. वडील संगणक क्षेत्रात, आई औषधनिर्माण कंपनीत. एका चांगल्या विद्यापीठाने त्याला अंशतः शिष्यवृत्ती देऊ केली होती, आणि वसंत ऋतूत त्याच्या चेंडूचा वेग ताशी ९४ मैलांपर्यंत गेल्यापासून स्काउटांची ये-जा वाढली होती. जुलैत ड्राफ्ट होता, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक निवड. माझ्याकडे ते मे महिन्यात आले ते मुलाला झोप लागत नाही म्हणून. बोलणे मात्र पहिल्या दहा मिनिटांतच पैशांवर गेले.

वडिलांचा हिशेब सरळ होता. “ताई, आपण दहा लाख डॉलर सांगायचे. ते चार म्हणतील. शेवटी सहा-सातवर तुटेल.” ते पुण्यात वाढलेले, तुळशीबागेत आईचे बोट धरून फिरलेल्या माणसाला घासाघीस वेगळी शिकवावी लागत नाही. अडचण एवढीच, की ड्राफ्टमध्ये घासाघीस होतच नाही, निदान ते समजत होते त्या अर्थाने तर नाहीच, आणि ती का होत नाही हे समजून घेतल्यावर त्यांची निम्मी चिंता आपोआप वेगळे रूप घेते.

२०१२पासून ड्राफ्टच्या पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक जागेला बोनसची, म्हणजे सही करताना मिळणाऱ्या पैशांची, एक ठरावीक रक्कम लावलेली असते; तिला स्लॉट म्हणतात. एखाद्या संघाच्या वाट्याला आलेल्या सगळ्या जागांच्या स्लॉटची बेरीज म्हणजे त्या संघाचा बोनस पूल. पूल ओलांडला तर वरच्या रकमेवर ७५ टक्के कर भरावा लागतो, आणि ५ टक्क्यांहून अधिक ओलांडला तर पुढच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची जागाही जाते. त्यामुळे एका मुलाला स्लॉटपेक्षा जास्त द्यायचे असेल तर दुसऱ्याकडून ते वाचवावे लागतात. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पहिल्याच वर्षी घडले. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने पहिल्या क्रमांकावर कार्लोस कोरेया याला घेतले. त्या जागेचा स्लॉट ७२ लाख डॉलर होता आणि त्याने ४८ लाखांवर सही केली. वाचलेल्या २४ लाखांच्या जोरावर संघाने ४१व्या क्रमांकावर लान्स मॅकलर्स ज्युनिअर याला २५ लाख आणि चौथ्या फेरीत रिओ रुइझ याला साडेअठरा लाख दिले. हे दोघेही कॉलेजला जायच्या तयारीत असलेली हायस्कूलची मुले होती आणि ती त्या रकमेवरच वळली.

आता यात आपल्या वडिलांचे ‘दहा सांगू, सहावर येऊ’ कुठे बसते ते पाहावे. संघाने मुलाला पहिल्या दहा फेऱ्यांत घेतले आणि त्याने सही केली नाही, तर त्या जागेचा स्लॉटही पूलमधून वजा होतो. म्हणजे फसलेला सौदा दुसऱ्या एखाद्या मुलाच्या पैशांनाही कात्री लावतो. म्हणून संघ नाव पुकारण्याआधीच आकडा पक्का करून घेतात. दहा लाख ऐकलेला स्काउट समोरून सहा म्हणत बसत नाही. तो वहीत दहा लिहितो, आणि जुलैत त्याचा संघ दुसऱ्या मुलाकडे वळतो. स्काउटांच्या भाषेत याला साइनॅबिलिटी म्हणतात, म्हणजे मुलगा सहीला कितपत तयार आहे हे, आणि ती वेगाइतकीच तपासली जाते. सांगितलेला आकडा ही बोलीची सुरुवात नसते. “याच्या खाली मी कॉलेजला जाईन,” असे ते विधान असते आणि ते खरे असावे लागते.

ते खरे आहे का, हे पाहण्यासाठी मी तिघांना तीन कोरे कागद दिले आणि एकमेकांचे न पाहता आकडा लिहायला सांगितले. वडिलांनी १० लाख लिहून खाली रेघ मारली. आईने आकड्याऐवजी “आधी पदवी” असे दोन शब्द लिहिले. मुलाने बराच वेळ पेन फिरवले आणि शेवटी लिहिले : “आत्ता जे मिळेल ते.”

वडिलांचा चेहरा उतरला. दहा वर्षे दर शनिवारी पहाटे पाचला गाडी काढणाऱ्या माणसाला, आपल्या मुलाने स्वतःची किंमत इतकी कमी लावावी, हे लागले असणार. मला मात्र त्या चार शब्दांतला ‘आत्ता’ खटकला. पुढची भेट मी मुलाशी एकट्याशी ठेवली. तो खिशात नेहमी एक चेंडू बाळगत असे. बोलताना त्याची दोन बोटे शिवणीवर फिरत राहायची. त्या दिवशी त्याने चेंडू डाव्या हातात धरला होता. मी तेवढेच विचारले. मग कळले, की एप्रिलपासून सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचे उजवे कोपर आखडत होते. आई-बाबांना नाही, प्रशिक्षकांना नाही, कोणालाही त्याने सांगितले नव्हते. त्याच्या संघातल्या एका मोठ्या मुलाचे कोपराचे ऑपरेशन झाले होते आणि त्याचे वर्ष वाया गेले होते. “तीन वर्षे कॉलेज खेळेपर्यंत हा हात राहीलच कशावरून? आणि सांगितले, तर जे मिळायचे तेही जाईल.”

त्याची भीती पोरकट नव्हती. २०१४मध्ये ब्रेडी एकेन नावाच्या हायस्कूलच्या डावखुऱ्या पिचरला अ‍ॅस्ट्रोजने पहिल्या क्रमांकावर घेतले आणि ६५ लाखांवर बोलणी झाली. वैद्यकीय तपासणीत कोपराच्या अस्थिबंधाविषयी शंका आल्यावर संघाने रक्कम खाली आणली आणि मुदत संपली तरी सही झाली नाही. त्या जागेचा स्लॉट पूलमधून गेल्यामुळे पाचव्या फेरीतल्या जेकब निक्स या मुलाशी ठरलेला १५ लाखांचा व्यवहारही मोडला. पुढच्या वसंतात एकेनच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. क्लीव्हलंडने त्याला १७व्या क्रमांकावर घेतले तेव्हा रक्कम २५ लाखांच्या आसपास होती, आणि मेजर लीगपर्यंत, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीपर्यंत, तो पोचलाच नाही. भारतीय घरांना माहीत असलेले उदाहरण कुमार रॉकरचे, ज्याचे आजी-आजोबा आईकडून भारतातले. २०२१मध्ये मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले, ६० लाखांवर ठरले, पण तपासणीनंतर संघाने प्रस्तावच दिला नाही. तो मात्र परत उभा राहिला : २०२२मध्ये रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेऊन ५२ लाख दिले आणि २०२४मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला.

ही दोन्ही उदाहरणे मी त्याच्यासमोर ठेवली ती एवढ्याचसाठी, की लपवलेले कोपर सहीच्या आधी तपासणीत दिसतेच, आणि तेव्हा दिसणे सर्वांत महाग पडते. तो कायद्याने सज्ञान होता. त्याने सांगितलेले त्याच्या आईवडिलांना सांगण्याचा अधिकार मला नव्हता आणि मी ते सांगितले नाही. त्याला मी आठ दिवस दिले. सहाव्या दिवशी त्याने आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितले. आईने मला नंतर सांगितले, की पहिली पाच मिनिटे ती त्याच्यावर ओरडलीच, आणि त्याबद्दल तिला वाईट वाटत होते. मला तर तिचे ओरडणे अगदी स्वाभाविक वाटले. एमआरआय झाला. अस्थिबंध शाबूत होता. सूज होती, सहा आठवडे चेंडू टाकायचा नव्हता. अहवाल त्यांच्या सल्लागाराने विचारणाऱ्या प्रत्येक संघाला दिला. काही संघांचे फोन थांबले.

मग आकडा पुन्हा काढला, आणि या वेळी मुलाने स्वतः काढला. मी फक्त रकाने आखून दिले. बोनसमधून सल्लागाराचे साधारण ५ टक्के आणि केंद्राचा व राज्याचा कर गेला, की सहा लाखांतले हातात जेमतेम साडेतीन लाख राहतात. मायनर लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या संघांतला, पगार २०२३च्या करारानुसार त्या वर्षी सर्वांत खालच्या पातळीवर वर्षाला १९,८०० डॉलर आणि सर्वांत वरच्या ट्रिपल-ए पातळीवर ३५,८०० डॉलर होता. त्याच्याविरुद्धच्या रकान्यात शिष्यवृत्ती वजा जाता कॉलेजचा खर्च, आणि तीन वर्षांनी किंवा एकविसाव्या वर्षी पुन्हा ड्राफ्टला पात्र होण्याची संधी. गेरिट कोल या पिचरने २००८मध्ये यँकीजना नकार देऊन कॉलेज धरले आणि २०११मध्ये तो पहिल्या क्रमांकावर ८० लाखांना गेला, हे वडिलांना तोंडपाठ होते. पण एका कोलच्या मागे परत कधीच न पुकारली गेलेली कितीतरी नावे असतात, हेही मी त्या रकान्यात लिहायला लावले. आईची अट सर्वांत सोपी निघाली : सही झालीच तर पुढच्या शिक्षणाचा खर्च संघाने करारात वेगळा लिहून द्यावा, जे अनेक संघ देतात. शिक्षण मात्र खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत सुरू करावे लागते, हे तिने लाल शाईने अधोरेखित केले.

आकडा सहा लाखांवर आला, अधिक शिक्षणाचा खर्च. “पाच लाख नव्वद हजार म्हणाले तर?” वडिलांनी विचारले. मुलगा म्हणाला, “बाबा, तेवढ्यासाठी नाही म्हणणार नाही. पण साडेचार म्हणाले तर कॉलेज.” माझ्या दृष्टीने आमचे काम त्या वाक्यापाशी झाले होते. तो त्या आठवड्यात झोपूही लागला होता.

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी नव्हते, ऐकलेले सांगते. पाचव्या फेरीत सल्लागाराचा फोन आला. एक संघ ४ लाख २५ हजार द्यायला तयार होता आणि उत्तर त्यांची पाळी येण्याआधी, म्हणजे मिनिटाभरात हवे होते. वडील उठून गॅलरीत गेले. मुलाने “थँक यू, नाही” म्हटले, फोन ठेवला आणि फ्रीजमधून पाणी काढून प्यायला. त्यानंतर फोन वाजला नाही. साताऱ्याहून आजींनी संध्याकाळी व्हिडिओवर विचारले, “मग, किती दिले रे?” त्याने सांगितले, “काही नाही आजी, कॉलेजला चाललोय.” आजींना ते जास्तच आवडले, कारण चेंडू फेकण्याचे कोणी पैसे देते यावर त्यांचा मुळात विश्वास नव्हता.

हायस्कूलच्या मुलाला बोलणीत सल्लागार ठेवता येतो, पण सही न होता कॉलेजला जायचे तर ते नाते तेथेच संपवावे लागते. ते पत्र त्यांनी त्याच आठवड्यात पाठवले. ऑगस्टच्या शेवटी वडील एकटे माझ्याकडे आले. त्यांना मुलाचा पहिला कागद हवा होता, “आत्ता जे मिळेल ते” लिहिलेला. तो माझ्या फाइलमध्ये होता आणि अजून आहे. मी त्यांना म्हटले, की तो कागद त्याचा आहे, त्यालाच विचारा. ते हसले आणि म्हणाले, विचारतो, पण फोनवर नको. थँक्सगिव्हिंगला घरी आला की विचारतो.