एकदम १६० किमीचं स्वप्न, पण आधी नोव्हिस

तू थेट एंड्युरन्सच्या (घोड्यावरून लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या) चॅम्पियनशिपचं विचारलंस ते छानच, पण तिथे नुसती एंट्री पाठवून जाता येत नाही, क्वालिफाय व्हावं लागतं आणि घोड्यालाही तुझ्यासारखंच क्वालिफाय व्हावं लागतं, हे नवीन लोक हमखास विसरतात. आधी एफईआयची (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाची) नोव्हिस म्हणजे नवख्यांची पायरी, म्हणजे ४० ते ८० किमीच्या आसपासच्या राईड्स, मग स्टार राईड्स: वन स्टार १०० किमीपासून, टू स्टार १२० पासून, थ्री स्टार १४० ते १६०.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- नोव्हिसमध्ये नंबर काढायला जाऊ नकोस. घोडा शेवटच्या तपासणीत फिट ठरला तरच राईड धरली जाते. पहिला आलास आणि घोडा लंगडला तर हातात काहीच नाही.
- व्हेट गेटला, म्हणजे वाटेतल्या पशुवैद्यकीय तपासणीला, घोड्याची पल्स मिनिटाला ६४ किंवा खाली यायला हवी आणि त्याला वेळेची मर्यादा असते. म्हणून गेटच्या आधीचे एकदोन किमी हळू घे, धावत येऊन मग घोडा थंड करायला पाणी मारत बसणं ही सगळ्यात कॉमन चूक.
- प्रत्येक राईडचा रेकॉर्ड जपून ठेव.

आणि राईडनंतर घोड्याला सक्तीची विश्रांती असते, ती मोडायचीच नाही. मला तर हा या खेळातला सगळ्यात चांगला नियम वाटतो.

केरळची निदा अंजुम २०२३ ला फ्रान्समध्ये ज्युनियर-यंग रायडर्स वर्ल्ड चॅम्पियनशिपची १२० किमी राईड पूर्ण करून आली, तीही या पायऱ्या चढूनच. स्टार राईड्सचे बारीक नियम आत्ता वाचू नकोस, पहिली ४० पूर्ण कर मग बोलू.