सिस्टर तेच तेच का विचारतात?

प्रश्न : माझ्या आईची (वय ६२) पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. सकाळी तिने अर्धा कप चहा घेतल्याचे कळताच वेळ दुपारवर ढकलली गेली. तिचे नाव आणि कसली शस्त्रक्रिया आहे हे तिला तीन-चार जणींनी विचारले, आम्ही उत्तर दिले तर ते चालले नाही. संध्याकाळी लगेच तिला चालवले, तेव्हा तिचा खांदा दुखत होता. हा हलगर्जीपणा म्हणावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. आपण वर्णन केलेली प्रत्येक गोष्ट काळजीपूर्वक केलेल्या शुश्रूषेचाच भाग आहे; मात्र तिची कारणे आपल्याला आधी समजावून सांगायला हवी होती, आणि ती सांगितली गेली नाहीत ही उणीव खरी आहे.

भूल दिल्यावर घशाची संरक्षक प्रतिक्रिया मंदावते आणि जठरातील पदार्थ वर येऊन श्वासनलिकेत उतरण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून साधारणपणे हलके अन्न ६ तास आधी आणि साधे पाणी २ तास आधी थांबवतात. दूध जठरात घट्ट होते, त्यामुळे दुधाचा चहा पाण्यात नव्हे, अन्नात मोजला जातो. चहाची गोष्ट आपण लपवली नाही, हे फार चांगले झाले. ‘घोटभरच तर घेतला’ म्हणून गप्प बसणारे नातेवाईक आम्हाला वरचेवर भेटतात.

नावाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा-तपासणी यादी जाहीर केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी, अशी तीन वेळा ती मोठ्याने वाचायची असते. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेचे नाव आणि जागा, औषधांची ॲलर्जी हे सारे शक्यतो रुग्णाच्याच तोंडून ऐकायचे असते, कारण घाबरलेला मुलगा किंवा सून कोणत्याही प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळी होते. शेवटच्या टप्प्यात परिचारिका मॉप आणि गॉज (रक्त टिपण्याचे कापडी तुकडे), सुया आणि अवजारे मोजून आकडा जुळल्याचे सांगते. तो जुळला नाही, तर सर्जन कितीही ज्येष्ठ असले तरी त्यांना थांबून शोध घ्यावा लागतो.

रिकव्हरी कक्षात सुरुवातीला साधारण दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजनचे प्रमाण आणि ड्रेसिंगवरील रक्तस्राव पाहतात. वॉर्डात आल्यावर त्याच दिवशी चालवण्यामागे पोटऱ्यांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये, फुप्फुसांचा तळभाग नीट फुलावा आणि आतड्यांची हालचाल सुरू व्हावी, असे तीन हेतू असतात. खांदादुखी मात्र चालल्यामुळे झालेली नसावी. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि त्यामुळे श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधील स्नायूच्या पडद्याला) झालेला त्रास खांद्यात जाणवतो. तो बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. वेदना शून्य ते दहापैकी किती, असे सिस्टर विचारतात तेव्हा आईंनी ‘सोसवतंय’ म्हणू नये, आकडाच सांगावा. आपल्याकडच्या बायकांना सोसण्याची इतकी सवय असते की दुखण्यामुळे श्वासही उथळ घेतला जातो आणि कफ साचतो.

घरी गेल्यावर ताप, वाढती पोटदुखी, सतत उलट्या, जखमेतून पू, डोळ्यांत पिवळेपणा किंवा एकाच पोटरीला सूज दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

प्रश्न : शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घरीच ब्लेडने केस काढून यावे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. ब्लेडने त्वचेवर न दिसणारे बारीक काप पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. केस अडथळा आणणारच असतील, तर रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या थोडे आधी विजेच्या क्लिपरने ते कापतात. घरून साबणाने स्वच्छ अंघोळ करून, नखांचा रंग आणि दागिने काढून यावे.